दोन चमचे डाळिंबाचा रस

१

झुंबरबाईंना कोणी मारलं हे देऊळगाव राजाच्या त्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुनेनं मारलं. त्यात शोधायचं काय होतं? बाईंच्या आतड्याचा कॅन्सर खामगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कापून काढला, उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली, आणि पलंगाला पाटी टांगली की तोंडानं काही देऊ नये. अन या बयेनं सासूला डाळिंबाचा रस पाजला. जोड फुटला, घाण पोटभर पसरली, बाई गेली. डॉक्टरनं विचारलं, कोणी काय दिलं? सून म्हणाली, मी रस दिला, दोन चमचे. आता खुनी स्वतःच हो म्हणत असेल तर बाकीच्यांनी डोकं कशाला शिणवायचं?

कोणी शिणवलंही नाही. तेरवीची पंगत उठली आणि पूनमला साखरखेर्ड्याच्या गाडीत बसवून माहेरी पाठवून दिलं. तिची लेक काजल तेव्हा अजून बोबडं बोलायची. पूनमनं पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर नवरा ज्ञानेश्वर मध्ये आडवा झाला. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "जिनं माह्या मायले खाल्लं, तिच्या हाती मी लेकरू देत नाही." नणंद दीपमाला पोरीला कडेवर घेऊन आत निघून गेली. कोणी अडवलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. पूनम आधी रडली, पण रडणं किती दिवस पुरतं? पुढे तिला राग यायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या रागानंच तिला जगवलं. आधी स्वतःवर राग, मग त्या पाटीवर, मग दवाखान्यावर, मग नणंदेवर. नागिणीनं डूख धरावा तसा तिनं धरला होता, फक्त डसायचं कोणाला ते कळत नव्हतं. काजल फोनवर दिसायची, तीही दीपमालेची लहर लागली तर. मागच्या खेपेला पोरीनं फोनकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, हे कोन हाय?" त्या दिवसापासून पूनमला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक काजल, आणि दुसरं, ज्यानं कोणी हे केलं त्याचं वाटोळं.

अशात एका दुपारी तिच्या आईच्या, भिमाबाईंच्या, दारात पांढरी जीप थांबली. उतरली ती चाळिशीची एक बाई, डोक्यावर ओढणी, पायात चालून झिजलेले बूट. डॉक्टर महनूर इनामदार. मूळ मेहकरची, शिकली नागपूरला, स्वतः पोटाची सर्जन.

"मी तपासणी समितीकडून आली आहे," ती म्हणाली. "अन्ननलिका, जठर, आतडं, यांच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर माणूस वाचला का, त्याला काय त्रास झाला, अन कशामुळे झाला, हे पाहणं माझं काम आहे."

"आता काय पाहता? सगळ्यायचं पाहून झालं," पूनम म्हणाली. "खून मी केला. लिहून घ्या अन जा."

महनूर काही गेली नाही. ओट्यावर ऐसपैस बसली आणि भिमाबाईंनी दिलेलं पाणी पिऊन म्हणाली, "पूनमताई, तुम्ही एकट्याच खुनी आहात असं समजू नका. त्या दवाखान्यात एका सर्जनच्या हातचे जोड फुटले, अन ज्या ज्या घरातलं माणूस गेलं, त्या दर घरात एक खुनी सापडला आहे. दर घरात कोणीतरी चोरून पाजलं. मी पोटं उघडून पाहिलेली बाई आहे. आजार इतका शहाण्यासारखा एका ओळीत चालत नाही."

२

पूनमनं पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. खुन्याला कोणी विचारतं का, की बाई, त्या दिवशी सकाळी काय झालं?

"ऑपरेशन झालं तवा आत्याबाई बऱ्या होत्या," ती म्हणाली. "पोटावर पिशवी लावली होती. शी त्यातच जमा व्हायची. ती पिशवी रिकामी कराले कोणी येईना. नणंदेले फोनवर ऐकूनच मळमळे, यायले लाज वाटे. मीच करत होती."

"यांना म्हणजे?"

"आमचे हे. मामाजीले, माह्या सासऱ्याले, घेऊन आले होते दवाखान्यात. मले म्हणाले, जाय, खाली जाऊन चहा पिऊन ये, तू लई जागली. मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. नवऱ्यानं कधी म्हणलं नव्हतं असं."

महनूर ऐकत होती. तिची ऐकायची तऱ्हा चांगली होती, मध्ये मान हलवायची नाही आणि अरेरेही म्हणायची नाही.

"मग?"

"मग त्या रात्री आत्याबाईले ताप भरला. पोट दगडासारखं झालं. मी सिस्टरले सांगितलं, ती म्हणे डॉक्टर बाहेर हायेत, येतील. सकाळ झाली, दुपार झाली, कोणी येईना. तापानं त्यायचे ओठ तडकले. पाणी पाणी करत होत्या, मॅडम. मायसारख्या बाईचे ओठ तडकलेले पाहून मी किती येळ पाहत बसू? डाळिंब होतं, दोन चमचे रस काढला अन ओठाले लावला. तेवढा गिळला त्यायनं. हे दारातून पाहत होते."

"ताप आधी आला, मग रस दिला. असंच ना?"

"हाव. ताप होता म्हणून तर देल्ला."

महनूरनं हे पुन्हा एकदा तिच्याकडून वदवून घेतलं. मग विचारलं, "पिशवी तुम्हीच रिकामी करायच्या. त्यात कधी काही वेगळं दिसलं?"

पूनमनं आठवून पाहिलं. "रस देल्ला तवा थोड्या येळानं गुलाबी पाणी आलं. मी घाबरली, रगत समजली. अन त्याच्या आदल्या दिवशी, ताप यायच्या आधी, एक पान निघालं होतं. बारकं, हिरवं. मी म्हणलं आजारपणातलं असन काही. धुवून टाकलं."

"कसलं पान?"

"तुळशीसारखं होतं," पूनम म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. झुंबरबाईंच्या तोंडी तिनं तुळशीचं पान कधीच घातलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी महनूरनं तिला जीपमध्ये घातलं आणि खामगावला नेलं. वाटेत एकच घर दाखवायचं आहे म्हणाली. ते घर नजीरचं. सरकी-पेंडीचा धंदा, घरात फ्रीज, टीव्ही सगळं, आणि सगळं धुळीनं माखलेलं. त्याची बायको सरवरी त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरच्या हातून, तशाच ऑपरेशननंतर गेली होती.

"माझ्या अम्मीनं मारलं तिले," नजीर सरळ म्हणाला. "झमझमचं पाणी पाजलं, चमचाभर. हज करून आली तवा घेऊन आली होती. डॉक्टर साहेबानं विचारलं, कोणी काही पाजलं का, तर अम्मी रडाले लागली. मी समजलो."

"अम्मी कुठे आहेत?"

"मलकापूरले, भावाकडे ठेवली. मी बोलत नाही तिच्याशी. ईदलेही गेलो नाही." त्यानं दातावर दात दाबले. "माह्या लेकराची माय गेली मॅडम. आपल्या मायवर सूड कसा घेते माणूस, सांगा ना. घेता येत नाही अन सोडताही येत नाही."

पूनम त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्याच घरातलं कोणी समोर बसून बोलतंय असं तिला वाटलं. मलकापुरात कुठल्यातरी मागच्या खोलीत बसलेली ती म्हातारीही तिला दिसली, तसबीचे मणी ओढत असलेली, स्वतःला खुनी समजत असलेली. आपल्यासारखीच.

महनूरनं एकच प्रश्न विचारला. "सरवरींच्या पोटावर पिशवी होती?"

"हाव. थैली लावली होती. काऊन?"

"दोन दिवसांनी सांगते. तोवर एक करा, अम्मीला एक फोन करा. दुसरं काही बोलू नका. नुसती तब्येत विचारा."

जीप वळली तेव्हा पूनमनं मागे पाहिलं, तर नजीर दारात तसाच उभा होता, हातात फोन धरून.

"मॅडम, त्या पिशवीत असं काय हाय?" तिनं विचारलं.

"ते मी नाही सांगणार. ज्यानं लावली तोच सांगेल, आणि तुमच्यासमोर सांगेल," महनूर म्हणाली.

४

ऑपरेशन करणारा डॉक्टर हर्षल बोबडे मोठा गोड माणूस. पूनमला पाहून तो खुर्चीतून उठला, बसा म्हणाला, पाणी मागवलं. असा माणूस वाईट असेल हे सांगून खरं वाटू नये.

"ताई, मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही," तो म्हणाला. "आपल्या भागात शिक्षण कमी. माया जास्त. मायेपोटी माणसं पाजतात आणि आमच्या मेहनतीवर पाणी पडतं. मॅडम, तुम्ही तुमच्या अहवालात हेच लिहा. लोकांना शिकवायला हवं."

"लिहिते," महनूर म्हणाली. "तेवढं जोडाचं नीट सांगा. समितीत सगळेच काही सर्जन नसतात, त्यांना समजेल असं सांगा."

झालं. कौतुक ऐकायला मिळेल म्हटल्यावर गडी खुलला. त्यानं कोरा कागद ओढला आणि आतडं काढलं, वेटोळी वेटोळी. खाली, अगदी शेवटाशी, फुली मारली. "गाठ इथे होती. काढली, टोकं जोडली. हा जोड फार नाजूक. म्हणून मी कधी जोखीम घेत नाही. वरच्या आतड्याचं तोंड पोटावर काढून देतो, तिथे पिशवी लावतो."

"त्यानं काय होतं?"

"खाल्लं-प्यालेलं सगळं वरच्या वर पिशवीत येतं. खाली जोडापर्यंत काही जातच नाही. जोडाला आराम मिळतो. काही महिन्यांनी पिशवी काढायची."

"काहीच जात नाही?"

"थेंबही नाही."

"मग डाळिंबाचा रस तिथे कसा गेला, डॉक्टर?"

पेन कागदावर थांबलं. पूनमला आधी नीट कळलंच नाही. मग त्या वेटोळ्यांकडे, त्या फुलीकडे पाहता पाहता कळलं. गुलाबी पाणी. तिनं स्वतःच्या हातानं धुतलं होतं ते. रस पिशवीत आला होता, सगळाच्या सगळा, जोडाच्या कितीतरी वर.

महनूर शांतपणे बोलत होती. "रसाच्या आधी ताप होता. म्हणजे जोड आधीच फुटला होता. आणि तोंडानं पाणी देण्याचं म्हणाल, तर अशा ऑपरेशननंतर आजकाल आपणच दुसऱ्या दिवशी घोट घोट पाजतो. हे तुम्हाला माहीत नाही असं मी कसं मानू? जोड करून झाला की त्यात हवा भरून, वरून पाणी सोडून पाहतात, पंक्चरवाला ट्यूब पाहतो तसं. बुडबुडा आला तर पुन्हा शिवायचं. ते केलं होतं?"

"असिस्टंटनं... केलं असेल."

"तुम्ही कुठे होतात?"

"जालन्याला दुसरी केस होती."

"आणि ताप चढला त्या रात्री, दुसऱ्या दिवशी?"

हर्षलनं चित्राचा कागद दुमडला.

"सरवरीच्या वेळीही बाहेरच होतात," महनूर म्हणाली. "जोड फुटतो, डॉक्टर. माझ्याही हातून फुटला आहे. त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. फुटला हे वेळेत ओळखून पोट पुन्हा उघडलं तर पुष्कळ माणसं वाचतात. तुम्ही आला नाहीत. आणि माणूस गेल्यावर नातेवाइकांना एक प्रश्न विचारायला शिकलात. कोणी काय पाजलं? आपल्या मुलखात मरणाशी झगडणाऱ्याचं तोंड कोणी कोरडं ठेवत नाही. कोणी तीर्थ देतं, कोणी झमझम, कोणी रस. विचारलं की घरातलं एक तरी माणूस मान खाली घालतंच. पुढचं काम घरचे लोकच करतात. तुमच्या दारात कोणी भांडायला येत नाही, आपसातच एकमेकांना फाडून खातात."

पूनम उठली. टेबलावर काचेचा जड गोळा होता, तो कधी हातात आला तिला कळलंही नाही. एकदा, फक्त एकदा त्या गोड तोंडावर मारावा असं तिला आतून वाटलं, आणि तसं वाटण्यात तिला काही चुकीचं दिसलं नाही. महनूरनं तिच्या मनगटावर हात ठेवला. जोर नाही लावला, नुसता ठेवला.

"याचं ऑपरेशन थिएटर या आठवड्यात बंद होतं," ती म्हणाली. "दर घरी मी स्वतः जाणार आहे. ती सगळी घरं याच्यावर फिर्याद करतील. ठेवा तो गोळा."

हर्षलचा गोडवा तोवर आटला होता. पूनमकडे बोट करून तो म्हणाला, "माझ्यावर काय डोळे काढता? मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. मी बाहेर आलो, पेशंट गेली म्हणालो. कोणी काही पाजलं का हे मी विचारायच्या आधीच तुमचे मिस्टर म्हणाले, पूनमनं रस पाजला साहेब, म्या पाह्यलं. मग मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही हो म्हणालात."

५

परतीच्या वाटेवर चिखली मागे पडली. ज्यानं मारलं तो सापडला, त्याचं वाटोळंही होणार होतं. पूनमचं मन थंड व्हायला हवं होतं. उलट ते आणखी पेटलं होतं.

"विचारायच्या आधीच," ती शेवटी म्हणाली. "ज्याच्या पोटात पाप नाही तो विचारल्याबिगर काऊन बोलन?"

महनूरनं नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"ते पान, मॅडम. आमच्या गावच्या बालाजीच्या तीर्थात तुळशीचं पान असते. आत्याबाई बालाजीच्या भक्त. देऊळगावहून त्यायच्या पलंगाजवळ आले तीनच जण. मामाजी, दीपमालाताई अन हे. दीपमालाताई आल्या तवा आत्याबाईले आयसीयूच्या काचेच्या खोलीत नेलं होतं, त्यायले काचेतूनच दाखवल्या. अन पान तर ताप यायच्या आधीच निघालं."

"सासरे?"

"ते महानुभाव पंथाचे. उपदेश घेतलेला. दुसऱ्या देवाचं तीर्थ हातात धरत नाहीत, प्रसाद खात नाहीत. यावरून नवरा-बायकोची रोज कुरबुर चाले. ते मरतील पण तीर्थ पाजणार नाहीत." पूनमनं मोजलेली दोन बोटं मिटली. "राह्यला कोण? ज्यानं मले चहा प्याले पाठवलं तो."

तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. ज्ञानेश्वरनं आईला तीर्थ पाजलं. आई गेली. त्याला वाटलं, आपणच मारली. मग त्याला रसाचे दोन चमचे आठवले. पाप टाकायला एक डोकं हवं होतं, ते बायकोचं मिळालं. वर्षभर तो तिला खुनी म्हणत होता ते या खात्रीनं की खरा खुनी आपण आहोत. डॉक्टरनं खोटं सांगितलं होतं परक्या माणसांना. यानं सांगितलं होतं स्वतःच्या लेकराच्या आईबद्दल.

"परवा वर्षश्राद्ध हाय," ती म्हणाली. "मामाजीले श्राद्ध मान्य नाही, तरी हे घालून राह्यले. तेरवीले होते ते सगळे पाहुणे येतील. तुम्ही चला संगं."

"येते. सगळ्यांना समजावून सांगते."

"सांगा. पण आधी पानाचं सांगा. अन तिथंच थांबा."

महनूरच्या कपाळाला आठी पडली. "आणि पिशवीचं? की पाजल्यानं काही झालंच नाही, ते?"

"ते थोड्या येळानं."

"पूनमताई, हे माझ्या कामात बसत नाही."

"माह्यासंगं जे झालं ते कोणाच्या कामात बसत होतं?"

जीपनं खडकाळ चढ घेतला. चढ संपल्यावर महनूर म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. पण त्यांनी चहा दिला, अन तो गरम असला, तर मी सावकाश पिईन."

६

पंगती उठून गेल्या होत्या. ओसरीत भाऊबंद, पाहुणे, आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. सासरे शेषराव श्राद्धाच्या कशालाही हात न लावता खांबाला टेकून बसले होते. पूनम उंबरठ्यातून आत आली तशी कुजबूज थांबली. काजल बापाच्या मांडीवर होती. तिनं पूनमकडे पाहिलं आणि तोंड बापाच्या सदऱ्यात लपवलं. पूनमला ते सुरीसारखं लागलं, पण ती डगमगली नाही, भिंतीशी जाऊन बसली.

सरकारी डॉक्टरीणबाई म्हणून महनूरला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. ती म्हणाली, "झुंबरबाईंच्या मरणाची चौकशी मी करते आहे. एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली. सुनेनं रस दिला हे तिनं सांगितलंच आहे. पण त्याच्या आदल्या दिवशी पिशवीत तुळशीचं पान निघालं. म्हणजे कोणीतरी तीर्थही पाजलं होतं. कोणी?"

आणि तिनं कप उचलला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला.

शेषराव म्हणाले, "मी तीर्थ धरत नाही. अख्ख्या गावाले माहीत हाय."

"मले तर माय काचेतूनच दाखवली," दीपमाला म्हणाली. बोलता बोलता तिची मान भावाकडे वळली. "दादा?"

"मले काय पाहता?" ज्ञानेश्वर म्हणाला. "बाजूच्या पलंगावरचं कोणी देलं असन."

"बालाजीचं तीर्थ खामगावले कोठून येईन?" शेषराव सावकाश म्हणाले. "निघालो त्या सकाळी तुझ्या खिशात बाटली होती. मी म्हणलं कायची, तू म्हणला गुडघ्याचं तेल हाय, तुमच्यासाठी. तेल तर मले कोणी लावलं नाही."

महनूरनं दुसरा घोट घेतला.

ज्ञानेश्वरचा चेहरा पांढरा पडला. "एकच पळी," तो म्हणाला. "मायनं मांगितलं म्हणून. तिनंच मांगितलं."

मग जे झालं ते पूनमनं वर्षभर मनात हजारदा पाहिलं होतं, फक्त तिच्या जागी कोणी दुसरं कधी दिसलं नव्हतं. एक चुलता म्हणाला, "अन पाप बायकोवर ढकललं, भाड्या?" आळीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. शेषरावांनी मुलाकडे पाहिलं आणि ते खाली थुंकले. दीपमाला तर वेड्यासारखी उठली, "माय खाल्ली तू, माय खाल्ली," म्हणत त्याच्या छातीवर मारायला लागली आणि तिनं त्याच्या मांडीवरून काजलला ओढून काढलं. तो अडवत नव्हता. नुसता रडत होता. पूनमला ते गोड लागलं. लपवायचं कशाला, वर्षाच्या उपाशी माणसाला जेवण लागावं तसं गोड लागलं.

काजल मात्र किंचाळून रडायला लागली. तिला काय कळत होतं? तिचा बाप रडत होता आणि आत्या त्याला मारत होती. ती दीपमालेच्या हातातून सुटायला धडपडत होती, बापाकडे जायला. या घरात आधी तिची आई गेली होती, आता तिच्या डोळ्यांदेखत बापही चालला होता.

पूनमनं महनूरकडे पाहिलं. कप रिकामा झाला होता.

"सोडा त्यायले, दीपमालाताई," पूनम म्हणाली. "त्यायनं मारलं नाही. म्याही मारलं नाही. मॅडम, सांगा आता."

महनूरनं सांगितलं. आतडं, जोड, पिशवी, ताप, जालना, सगळं. ज्ञानेश्वरचं तीर्थ आणि पूनमचा रस दोन्ही वरच्या वर पिशवीत आलं होतं, झुंबरबाईंना त्यानं काही झालं नव्हतं, झालंच असेल तर ओठांना बरं वाटलं होतं. दोषी होता तो दवाखान्यात न आलेला डॉक्टर, आणि त्याच्यावर कारवाई सुरू झाली होती. लोक ऐकत गेले तसे एकेकाचे डोळे जमिनीकडे गेले. दीपमाला खांबाला धरून मटकन खाली बसली. काजल मोकळी झाली होती, पण कोणाकडे जावं ते तिला सुचत नव्हतं. पूनम तिच्यासमोर उकिडवी बसली, तिला हात लावला नाही, नुसती थांबली. पोरीनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि मग रडून थकलेलं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं.

"सूनबाई," शेषराव म्हणाले, "चूक झाली. घर तुझं हाय. राह्य."

पूनम पोरीला घेऊन उठली.

ज्ञानेश्वर तिच्याकडे पाहत होता. छातीवरचा सदरा फाटला होता. त्याला हळूहळू कळत गेलं ते चेहऱ्यावर दिसलं. "तुले माहीत होतं," तो म्हणाला. "तू आली तवाच तुले माहीत होतं, मी मारलं नाही म्हणून. तरी तू बसून पाहत राह्यली? लोक मले खुनी म्हणत होते, पूनम. गप्प काऊन बसली?"

"तुम्ही वरीसभर बसले," ती म्हणाली. "मी एका चहापुरती बसली."

आणि ती लेकीला घेऊन जीपकडे निघाली.